पोर्तोत उताराने चालावं

ऑगस्टमधल्या दुपारी पोर्तोच्या किनाऱ्यावर ऊन असं असतं, की अर्ध्या तासात नाकाचा शेंडा लाल व्हावा. तरी समुद्रात माणसं जवळपास नसतात. उत्साही मंडळी घोट्याएवढ्या पाण्यात शिरतात, किंचाळतात आणि उलट्या पावली वाळूवर येतात. बाकीच्यांनी वाळूत काठ्या रोवून त्यांना पट्ट्यापट्ट्यांचं कापड ताणलेलं असतं आणि त्या आडोशाला ते पाय पोटाशी घेऊन बसलेले असतात.

पोर्तो साधारण ४१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इटलीतलं नेपल्सही जवळपास तिथेच. नेपल्सला ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी २६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि लोक तासन्‌तास डुंबतात. पोर्तोला त्याच दिवसांत पाणी १७-१८ अंशांवर अडकलेलं, फार तर १९. सूर्य तोच, महिना तोच, अक्षांशही तोच. मग पाणी इतकं गार का?

प्रश्न भूगोलाच्या पेपरातला वाटतो खरा. पण दोन माणसांची तीन रात्रींची सुटी सुखाची होणार की चिडचिडीची, हे बरंचसं त्याच्या उत्तरावर ठरतं. लंडन, ॲमस्टरडॅम, फ्रँकफुर्टकडे राहणाऱ्या मराठी जोडप्यांना पोर्तो म्हणजे शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून करायची सहल. पुण्या-मुंबईहून जाणारे बहुधा लिस्बनच्या पुढे दोन-तीन दिवस पोर्तोला ठेवतात. दोघांचीही गफलत सारखीच होते. ठिकाणांची यादी करतात, नकाशावर ती जवळजवळ दिसतात म्हणून खूश होतात आणि तिथे गेल्यावर दमतात. दमवतात ती ठिकाणं नव्हेत. दमवतो तो वारा, चढ आणि जेवणाची वेळ. या तिन्हींमागचं गणित कळलं, की यादी आपोआप निम्मी होते आणि उरलेली नीट लागते.

वारा पाण्याला गार करतो तो असा

उन्हाळ्यात अटलांटिकवर अझोर्स बेटांच्या आसपास हवेचा दाब जास्त असतो. त्याच वेळी स्पेन-पोर्तुगालचा आतला भाग तापतो, तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि जमिनीवर दाब कमी होतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा निघते, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे तिची वाट वळते आणि वारा किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहू लागतो. पोर्तुगीज लोक त्याला ‘नोर्तादा’ म्हणतात. सकाळी तो शांत असतो. जमीन तापत जाते तसा जोर धरतो आणि दुपार कलताना अंगावर वाळू मारायला लागतो. रात्री पुन्हा मंदावतो.

आता हा वारा समुद्राचं वरचं पाणी ढकलतो. गंमत अशी, की पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही. उत्तर गोलार्धात पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. उत्तरेचा वारा पाठीवर घेऊन दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा; उजवा हात पश्चिमेला येतो, म्हणजे खुल्या समुद्राकडे. उन्हाने तापलेलं वरचं पाणी अशा तऱ्हेने किनाऱ्यापासून दूर निघून जातं. त्याची जागा भरायला खालचं पाणी वर येतं, शंभर-दोनशे मीटर खोलीवरचं, जिथे ऊन कधी पोचलेलं नसतं. पेल्यातल्या दुधावर फुंकर घातली की साय पलीकडच्या काठाला गोळा होते आणि अलीकडे खालचं दूध उघडं पडतं, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे फुंकर एप्रिल-मेपासून सप्टेंबरपर्यंत चालू असते. उन्हाळा जितका कडक, तितका वारा जोरदार आणि तितकं पाणी गार. नेपल्सच्या समुद्राला असा वारा नाही, म्हणून तिथली साय जागेवर राहते.

खालून येणारं हे पाणी रिकाम्या हाताने येत नाही. तळाशी साचलेली पोषकद्रव्यं घेऊन येतं. त्यांना ऊन मिळालं की सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यांच्यावर बारीक जीव आणि त्यांच्यावर सार्डिनचे थवे. आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या काळात केरळच्या किनाऱ्याजवळही खालचं पाणी असंच वर येतं आणि तिथल्या तारलीचं नशीब त्याच्याशी बांधलेलं असतं. पोर्तोच्या भट्टीवरची चविष्ट सार्डिन आणि अंघोळीला नकोसं पाणी ही एकाच वाऱ्याची देणगी आहे.

या वाऱ्याचं आणखी एक अपत्य म्हणजे सकाळचं धुकं. दमट हवा गार पाण्यावरून आली की तिच्यातली वाफ निवून दाट पांढरा पडदा तयार होतो. जुलैत सकाळी आठला खिडकी उघडून ‘सगळं पाण्यात गेलं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बहुतेक वेळा अकरा-बारापर्यंत ऊन पडतं, आणि दोन किलोमीटर आत शहरात तर ते आधीच पडलेलं असतं.

आखणीसाठी याचा अर्थ सरळ आहे. चौपाटीवर संध्याकाळी जायची आपली सवय इथे उलटी करावी. समुद्रकाठी सकाळी जावं. धुकं असलं तरी फिरायला ते छानच. दुपारी वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागा धराव्यात: नदीची घळ, गल्ल्या, तळघरं. सूर्यास्त समुद्रावरच पाहायचा हट्ट असेल तर ऑगस्टमध्येही जाकीट न्यावं. आणि सुटीचं चित्र ‘दिवसभर पाण्यात’ असं असेल तर पोर्तोचं तिकीट न काढता दक्षिणेकडच्या अल्गार्व्हला जावं. तिथला किनारा दक्षिणेला तोंड करून आहे, त्यामुळे नोर्तादाचा मार त्याला थेट बसत नाही.

तरीही खाऱ्या पाण्यात उतरायचंच असेल, तर शहराच्या उत्तरेला लेसा द पाल्मेइरा इथे खडकांत बसवलेले पोहण्याचे तलाव आहेत. आल्वारो सिझा या वास्तुकाराने ते १९६० च्या दशकात बांधले. खडक होते तसे ठेवले आणि लागतील तिथेच काँक्रीटच्या भिंती घातल्या, पाणी समुद्राचंच. भिंतींमुळे वारा अडतो. ते फक्त उन्हाळ्यात उघडे असतात. सिझा शेजारच्याच मातोझिन्योशचा. १९९२ साली त्याला वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

नकाशा सपाट, शहर उभं

दोरू नदी समुद्राला मिळण्याआधी ग्रॅनाइटच्या टेकड्या कापत येते. त्यामुळे पोर्तोला नदीचा काठ असा फारसा नाहीच. खाली पाण्याजवळ रिबेइरा नावाची अरुंद पट्टी, तिच्यामागे एकावर एक रचलेली घरं आणि वर कॅथीड्रल. नकाशावर चारशे मीटर दिसणारं अंतर प्रत्यक्षात जिना असतं.

हा उंचीचा फरक किती, ते दों लुईश पूल दाखवतो. गुस्ताव्ह आयफेलचा पूर्वीचा भागीदार थिओफील सेरिग याने आखलेला हा लोखंडी पूल १८८६ मध्ये सुरू झाला. त्याला दोन मजले आहेत आणि त्यांच्यात साधारण ४५ मीटरचं अंतर आहे, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढं. कारण साधं. शहर दोन पातळ्यांवर वसलेलं, तेव्हा पूलही दोन पातळ्यांवर हवा. वरून मेट्रो आणि पायी चालणारे जातात, खालून रस्ता जातो. वरच्या मजल्यावर मेट्रोच्या रुळांना कठडा नाही. गाडी घंटी वाजवत संथपणे येते आणि फोटो काढणारे बाजूला होतात.

म्हणून पोर्तोचा नियम: वर चढायचं ते यंत्राने, पायांनी फक्त उतरायचं. हा नियम पाळला तर शहरातला सबंध दिवस जवळजवळ एकही चढ न चढता निघतो. सुरुवात क्लेरिगुश मनोऱ्यापासून करावी. निकोलाव नाझोनी या इटालियन माणसाने बांधलेला, १७६३ मध्ये पुरा झालेला हा मनोरा ७५ मीटर उंच आहे. सव्वादोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत; गुडघे तयार नसतील तर खालूनही तो छान दिसतो. तिथून जरा मागे कार्मो चर्चची बाजूची भिंत निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली आहे. मग उताराने साँव बेंतो स्टेशन. तिकीट काढायचं नसलं तरी आत जावं. झोर्झ कोलासो याने रंगवलेल्या सुमारे वीस हजार फरशा तिथल्या भिंतींवर आहेत: लढाया, राजे, आणि थोडं वरच्या बाजूला रंगीत पट्ट्यात प्रवासाच्या साधनांचा इतिहास. लोकल गाड्यांचे रोजचे प्रवासी त्याकडे न बघता धावतात.

पोर्तोत फरशा इतक्या का, असं वाटेत कोणीतरी विचारतंच. इथला हिवाळा पावसाळी, हवा खारी. चुन्याच्या भिंतीला ती मानवत नाही. चकाकीची फरशी पाणी आत शिरू देत नाही, पुसली की नव्यासारखी दिसते आणि अंधाऱ्या गल्लीत उजेड परतवते. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून पैसा कमावून परतलेल्या लोकांनी घराच्या दर्शनी भिंतीला फरशा लावायची रीत रुजवली.

स्टेशनवरून फ्लोरिश रस्त्याने खाली उतरलं, की आपण रिबेइराला, पाण्याजवळ. पुलाच्या खालच्या मजल्यावरून चालत पलीकडे गेलं की गाया. हे वेगळं शहर आहे, विला नोव्हा द गाया, पण पाहुण्याला तसं जाणवत नाही. तिथे दुपार घालवायची, ती कशी ते पुढे येतंच. परत येताना खालूनच केबल कारने वर मोरो बागेपाशी जायचं आणि बागेच्याच नावाच्या स्टेशनवरून मेट्रो पकडायची. पूल ओलांडला की पुढचं स्टेशन साँव बेंतो. एका स्टेशनाचा प्रवास.

मोरो बाग सूर्यास्तासाठी नावाजलेली आहे. गवतावर जागा मिळणं कठीण, कोणीतरी गिटार वाजवत असतो. जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपारपासून तिथे ताटकळण्यात अर्थ नाही. पाचला खोलीवर जाऊन चक्क झोपावं आणि आठला परत यावं. सुटीतली दुपार झोपेत वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांच्याबरोबर प्रवास करणं अवघड.

खोली कुठे घ्यावी, याचं उत्तरही उतारातच आहे. रिबेइरात खिडकीतून नदी दिसते म्हणून तिथे भाडं जास्त, रात्री उशिरापर्यंत गलका, आणि बाहेर पडायचं म्हटलं की आधी चढ. वरच्या पठारावर, त्रिंदाद, बोल्याव किंवा आलियादोसच्या आसपास राहिलं तर मेट्रो हाताशी आणि दिवसाची सुरुवात उताराने. जुन्या इमारतीत लिफ्ट आहे का, हे नक्की विचारावं. ‘तिसरा मजला’ म्हणजे सामानासह तीन उभे लाकडी जिने असू शकतात. रिबेइराहून थेट वर यायला पुलाच्या पायथ्याशी गिंदाइशची दोरावर ओढली जाणारी गाडीही आहे. १८९१ ची पहिली गाडी दोन वर्षांत अपघात होऊन बंद पडली, आताची २००४ ची.

बुटांबद्दल एकच वाक्य: चौकोनी दगडांचे इथले पदपथ झिजून गुळगुळीत झाले आहेत, पाऊस पडला की घसरतात, तेव्हा रबरी तळव्याचे बूट हवेत.

दुपार तळघरात

गायाच्या काठावर लाल कौलांची लांबच लांब गोदामं दिसतात. पोर्ट वाईन तिथे मुरते. द्राक्षं मात्र इथली नाहीत, ती नदीच्या वरच्या खोऱ्यातली, शंभरेक किलोमीटर आतली. मग वाईन इतक्या लांब आणायची कशाला?

आधी पोर्ट गोड का असते ते पाहू. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर संपली की वाईन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली होते. पोर्ट बनवताना दोन-तीन दिवसांतच, साखर निम्मी शिल्लक असताना, रसात द्राक्षापासूनच काढलेलं ७७ टक्के अल्कोहोलचं जहाल स्पिरिट ओततात. यीस्ट त्यात मरतं. उरलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जातं. साध्या वाईनमध्ये ते १२-१४ टक्के असतं. इंग्लंडपर्यंतचा सागरी प्रवास टिकावा, ही या युक्तीमागची एक मोठी गरज होती.

आता गाया. वरचं खोरं उन्हाळ्यात भाजून निघतं. पिंपात वाईन ठेवली तर फार लवकर म्हातारी होते. गाया समुद्राजवळ असल्याने हवा दमट आणि सौम्य. शिवाय ते नदीच्या दक्षिण काठावर आहे, म्हणजे त्याचा उतार उत्तरेला तोंड करून. ऊन कमी लागतं. नोर्तादाने गार केलेला समुद्र इथे पुन्हा कामी येतो. पिंपं पूर्वी ‘राबेलो’ नावाच्या सपाट तळाच्या होड्यांतून खाली यायची. नदीवर धरणं झाली, रस्ते झाले, होड्या काठाला शोभेच्या उरल्या. दोरू खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये सरकारने आखून दिली. कुठली वाईन स्वतःला पोर्ट म्हणवू शकते हे त्या हद्दीवर ठरतं. गोव्यात दुकानांतून ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळणारी गोड लाल वाईन हा अर्थात स्थानिक प्रकार. ती पिऊन पोर्टबद्दल मत बनवू नये.

तळघरात शिरलं की बाहेरच्या उन्हानंतर अंगावर शहारा येतो. ओल्या लाकडाचा आणि मनुकांसारखा गोडसर वास असतो, उजेड बेताचा. दोन नावं लक्षात ठेवली तरी पुरे. ‘रूबी’ मोठ्या टाकीत राहते, हवेशी संबंध कमी, म्हणून रंग लाल आणि चव ताज्या फळाची. ‘टॉनी’ लहान लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहते. लाकडातून हवा झिरपते, रंग विटकरी होतो आणि चव सुक्या मेव्याकडे झुकते. दहा किंवा वीस वर्षांची टॉनी आणि एक रूबी असा चाखण्याचा संच मागवून दोघांत वाटून घ्यावा. एका दुपारी एकच तळघर. २० टक्क्यांची गोड वाईन डोक्यात उशिरा चढते, आणि पुढे पूल ओलांडायचा असतो.

दोघांपैकी कोणी घेत नसेल तर ही दुपार क्रिस्टल पॅलेसच्या बागेत घालवावी. मोर मोकळे फिरतात आणि वरून नदीचं वळण दिसतं. किंवा सेराल्व्हेशला जावं. तिथलं आधुनिक कलेचं संग्रहालयही सिझाचंच, १९९९ चं. पण त्यामागचं उद्यान जास्त विसाव्याचं आहे.

स्वयंपाकघराचं घड्याळ

पोर्तो लंडनची वेळ पाळतं, पण लंडनच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे सूर्य इथे अर्ध्या तासाहून जास्त उशिरा डोक्यावर येतो. उन्हाळ्यात घड्याळं आणखी एक तास पुढे केलेली असतात. परिणाम असा, की जुलैत खरी मध्यान्ह घड्याळातल्या पावणेदोनच्या सुमाराला होते. ‘बारा वाजले, ऊन उतरेल’ हा आपला अंदाज तिथे चुकतो. सर्वांत कडक ऊन पावणेदोनच्या आसपास असतं.

जेवणंही त्याच घड्याळाने चालतात. दुपारचं साडेबारा ते अडीच-तीन, रात्रीचं साडेसात-आठनंतर. मधल्या वेळात बऱ्याच खाणावळींचं स्वयंपाकघर बंद. सकाळी उशिरा न्याहारी करून चारला भूक लागलेलं जोडपं मग नदीकाठच्या चित्रांचा मेन्यू लावलेल्या हॉटेलात शिरतं, निकृष्ट जेवतं, भरपूर पैसे मोजतं आणि ‘इथलं खाणं काही खास नाही’ म्हणतं. भांडणंही बहुतेक याच वेळेला होतात. मधल्या वेळेसाठी ‘पाश्तेलारिया’ असतात, आपल्याकडच्या इराण्याच्या जवळपास जाणाऱ्या: कॉफी, लोणी लावलेला जाड टोस्ट, पाश्तेल द नाता. दिवसभर उघड्या.

भारतातून थेट गेलेल्यांचं शरीर आणखी वेगळं बोलतं. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. पहिल्या पहाटे चारला टक्क जाग येते. ती दवडू नये. उजाडताच रिबेइराला उतरावं. त्या वेळी तिथे फक्त सीगल आणि कचरा उचलणारी गाडी असते.

टेबलाशी बसल्याबरोबर न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह, कधी चीज येतं. याला ‘कूव्हेर’ म्हणतात आणि ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे पडत नाहीत, कायदाच तसा आहे. नको असेल तर हसून परत पाठवावं, कोणी वाईट मानत नाही. दुसरा उपयोगी शब्द ‘मेया दोझ’, अर्धी थाळी. साध्या खाणावळीत एक पूर्ण ‘दोझ’ दोघांना सहज पुरते. फ्रान्सेझीन्या हा इथला नामांकित पदार्थ म्हणजे पावात तीन-चार प्रकारचं मांस, वरून वितळलेलं चीज आणि बीअर-टोमॅटोचं सार. दोघांत एक घ्यावा, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये. शाकाहारी लोकांनी एवढं ध्यानात ठेवावं, की निरुपद्रवी दिसणाऱ्या हिरव्या भाजीच्या ‘काल्दु व्हेर्द’ सुपातही सॉसेजची चकती तरंगत असते. ती घालू नका म्हटलं तरी मूळ सूप मांसाच्या पाण्यात शिजलेलं नाही ना, हे विचारावं लागतं.

मासे खायचे ते मातोझिन्योशला. लेशोंइश बंदराजवळच्या एका रस्त्यावर हॉटेलांच्या लोखंडी भट्ट्या दारातच मांडलेल्या असतात. भट्टीवाला एका हाताने जाळी उलटतो, दुसऱ्या हाताने जाडं मीठ भुरभुरतो, आणि धूर पलीकडच्या पदपथावर जातो. आत बर्फावर मासे मांडलेले, बोट दाखवायचं. भाव किलोवर असतो, म्हणून आधी वजन करून किंमत विचारावी. हळद-तिखट-आगळाशिवाय मासा गिळवणार नाही असं मालवणी माणसाला वाटेल. पण सार्डिन जून ते सप्टेंबरमध्ये इतकी चरबीदार असते, की मीठ आणि निखारा यापलीकडे तिला काही लागत नाही. उरलेलं तेल उकडलेल्या बटाट्यावर ओतावं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात जाणार असाल तर एक गोष्ट जाणूनच जा. २३ जूनच्या रात्री पोर्तो झोपत नाही. गोव्यात विहिरीत उड्या मारून जो सांजांव साजरा होतो, तोच इथला साँव झुआंव. लोक प्लास्टिकच्या हातोड्या घेऊन रस्त्यावर येतात आणि अनोळखी माणसाच्या डोक्यावर हलकेच टपली मारतात, दारोदार सार्डिन भाजली जाते, मध्यरात्री नदीवर आतषबाजी. मजा दांडगी, निवांतपणा शून्य, आणि खोल्या कित्येक महिने आधी भरलेल्या.

चौकट: निघण्यापूर्वी

महिने: मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर उत्तम. समुद्र त्यातल्या त्यात कोमट असतो तो उन्हाळ्याच्या शेवटी. जुलै-ऑगस्टमध्ये वारा, धुकं, गर्दी. पाऊस वर्षाला सुमारे १२०० मिलिमीटर, पण आपल्या उलट: ऑक्टोबर ते मार्च ओले, जुलै जवळपास कोरडा.

व्हिसा: भारतीय पारपत्रावर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान १५ दिवस आधी करावा लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा हवा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

मेट्रो: विमानतळावरून जांभळी मार्गिका त्रिंदादला अर्ध्या तासात पोचवते. ‘आंदान्त’ कार्ड प्रत्येकाचं वेगळं. एका कार्डावर दोघांना एकत्र जाता येत नाही. चढण्यापूर्वी पिवळ्या यंत्राला लावायला विसरू नये.

सोमवार: अनेक संग्रहालयं बंद.

लिस्बनहून: रेल्वेने सुमारे तीन तास. गाडी काम्पान्या स्टेशनला थांबते. तिथून लोकलने साँव बेंतो काही मिनिटांवर.

दोघांचे दोन वेग

जोडप्याच्या सहलीत एक अडचण अशी असते, जी कुठल्याही मार्गदर्शक पुस्तकात येत नाही. एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते, दुसऱ्याला बाकावर बसून माणसं बघायची असतात. त्यात ‘आता कुठे जायचं, काय खायचं’ हे दिवसातून वीसदा ठरवावं लागलं, की आपलं ऐकलं जात नाही असं दोघांनाही वाटू लागतं. म्हणून दिवसाला एकच गोष्ट आधी ठरवून आरक्षित करावी: तळघराची फेरी, किंवा कासा दा म्युझिकामधली मैफल, किंवा रात्रीचं एक जेवण. बाकीचा दिवस सकाळी एकाने हाकावा, दुपारनंतर दुसऱ्याने.

काही वेळ वेगळं फिरायलाही हरकत नसावी. १९०६ चं लेलो पुस्तकांचं दुकान त्यातल्या लाल वळणदार जिन्यामुळे इतकं गाजलं, की आत जायला वेळ ठरवलेलं तिकीट लागतं. त्याची रक्कम पुस्तक घेतल्यास वळती करतात. पुस्तकवेड्याने जावं. जोडीदाराला त्या गर्दीत ओढू नये. समोर क्लेरिगुशजवळच्या ऑलिव्हच्या झाडांखाली हिरवळ आहे.

दोघांनाही एकदमच मानवेल अशी गोष्ट म्हणजे सपाट रस्ता, आणि पोर्तोत सपाट फक्त नदीचा काठ आहे. गायाच्या धक्क्यावरून समुद्राच्या दिशेने पाणी उजव्या हाताला ठेवून तासभर चाललं की आफुरादा हे कोळ्यांचं गाव लागतं. गावाचा धुण्याचा हौद अजून वापरात आहे. दगडी कठड्यावर चादरी आपटल्या जातात, पिळल्या जातात, आणि मग नदीकाठी काठ्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घातल्या जातात. नोर्तादाचा सर्वांत चांगला उपयोग या बायकांनी शोधलाय. कपडे बघता बघता वाळतात.

समुद्राची भेट शेवटच्या दिवसासाठी राखावी, सकाळी, वारा उठायच्या आधी. नदीच्या मुखाशी फोज नावाची वस्ती आहे, तिथे फेल्गेइराशचा छोटा दीपस्तंभ धक्क्याच्या टोकाला उभा आहे. हिवाळ्यात वादळ असेल तेव्हा लाटा त्याच्या डोक्यावरून जातात. तेव्हा धक्क्यावर जाऊ नये, लांबून पाहावं. इन्फान्ते थांब्याहून नदीकाठाने जुनी एक नंबरची ट्राम फोजच्या बागेपर्यंत जाते. तिला गर्दी असते आणि रस्त्याची कामं निघाली की ती बंदही असते. त्यापेक्षा ५०० नंबरची बस बरी. ती शहराच्या मध्यातून निघून आधी नदीकाठाने आणि मग समुद्राकाठाने थेट मातोझिन्योशच्या बाजारापर्यंत नेते, म्हणजे अगदी त्या भट्ट्यांच्या दाराशी. बस दोनमजली आली तर वर जाऊन डाव्या बाजूला बसावं. नदीही त्याच बाजूला येते आणि समुद्रही.